रंगवलेले ताट आणि रांधणारे हात

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीला पंधरा दिवस उरले असताना, माझ्या भाचीने बारा पानांची एक दिनदर्शिका आणून माझ्या हातात ठेवली. प्रत्येक महिन्याला एक जलरंगातले चित्र, चित्रात एक पदार्थ, आणि खाली तिच्याच वळणदार अक्षरात त्याची कृती. पोहे-जिलबी, भुट्ट्याचा कीस, दाल-बाफले, गराडू, मावा-बाटी, शिकंजी असा आमच्या इंदूरचा आणि माळव्याचा मेवा. त्यात पुरणपोळी, अळूची भाजी, साटोरी असे आपले घरचे पदार्थही मिसळलेले. "मामा, घरातले सगळे छान छान म्हणताहेत," ती म्हणाली. "तुम्ही तरी नीट परीक्षण करा."

पस्तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवलेल्या माणसाला असे कुणी म्हणाले की तो नकार देऊ शकत नाही. मात्र भाचीच्या चित्रांवर लिहायचे म्हणजे घरचीच पंगत आणि घरचाच वाढपी! म्हणून तेव्हा तोंडी चार शब्द बोललो आणि गप्प बसलो. आज लिहितो आहे, कारण हा प्रश्न आता एकट्या तिचा राहिलेला नाही. स्वयंपाकघरात लावायची अशी चित्रे हल्ली घरोघर दिसतात. प्रांताप्रांताचे पदार्थ जलरंगात काढायचे, चौकटीत घालून ओट्यावरच्या भिंतीला लावायचे, पाहुण्यांना भेट द्यायचे. चांगली हौस आहे. पण चित्र म्हणून ती काय करतात, आणि काय करायचे विसरतात, हे कुणीतरी बोलायला हवे.

इंदूरला जलरंग काही नवा नाही. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी 1927 साली इथे चित्रकलेची शाळा सुरू केली आणि तिथून नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर असे एकाहून एक चित्रकार पुढे आले. माझ्या पिढीच्या चित्रकला शिक्षकांनी देवळालीकर प्रत्यक्ष पाहिले नसले तरी त्यांच्या शिस्तीचे पाणी आमच्या वाटीत आलेच होते. घराबाहेर पडा, बाजारात बसा, घाटावर बसा, आणि जे समोर आहे ते कागद वाळायच्या आत पकडा, ही ती शिस्त. जलरंग हे घाईचे माध्यम आहे. तेलरंगात उद्या दुरुस्ती करता येते. जलरंगात पाणी सुकले की निकाल लागला. चुलीवरच्या फोडणीचेही तसेच असते, म्हणून या माध्यमाची आणि स्वयंपाकाची सोयरीक मला मनापासून पटते.

आता परीक्षण. आधी गुण सांगतो, कारण ते खरे आहेत. भाचीचा हात तयार आहे. पोह्यांवर हळदीचा पातळ वॉश देऊन तिने मधे मधे कागद कोरा सोडला आहे, त्यामुळे वाफेवर राहिलेल्या पोह्यांचा तो मऊ दाणेदारपणा नेमका उतरला आहे. जिलबीत केशरी रंग ओला असतानाच त्यात गडद तांबूस सोडला आहे. दोन्ही रंग आपापसांत मिसळले आणि पाक आत मुरल्यासारखा दिसतो. गराडूच्या तळलेल्या फोडींच्या कडा कोरड्या कुंचल्याने ओढल्या आहेत, त्या कुरकुरीत वाटतात. हे सगळे पुस्तक वाचून येत नाही.

दोष सांगायचा तर तो एकच आहे, पण बाराही पानांवर आहे. प्रत्येक पदार्थ वरून पाहिलेला आहे. वर्तुळ म्हणजे ताटली, वर्तुळाच्या आत पदार्थ, भोवती पांढरा कागद, कडेला कोथिंबिरीची काडी नाहीतर लिंबाची फोड. एवढ्या उंचीवरून ताट कोण पाहतो? जेवणारा पाटावर किंवा खुर्चीवर बसून ते तिरके पाहतो. वाढणारी वाकून पाहते. चुलीपाशी बसलेली तर ताट पाहतच नाही, ती कढई पाहते. वरून सरळ खाली पाहतो तो छायाचित्रकाराचा कॅमेरा. भाचीने पदार्थाचे चित्र काढलेले नाही, पदार्थाच्या छायाचित्राचे चित्र काढले आहे. म्हणून दाल-बाफल्याखालचे नाव झाकले तर ते ताट माळव्यातले की कुठल्या तरी उपाहारगृहाच्या खाद्यसूचीतले, हे चित्र सांगत नाही. बाफला आधी पाण्यात उकडतात, मग भाजतात, मग तुपात बुडवतात. या तीन पायऱ्यांतली एकही तिथे नाही.

हे मला त्याच दिवशी इतके स्वच्छ कळले होते असे नाही. कळले ते आईमुळे. आई तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची होती. डोळ्यांना कमी दिसू लागलेले, हात कापतात, म्हणून ओट्याशी जाणे बंद झालेले. भाचीने दिनदर्शिका तिच्या मांडीवर ठेवली आणि एकेक पान उलटून दाखवले. आईने कागद डोळ्यांजवळ नेला, भुट्ट्याच्या किसावर बोट फिरवले आणि विचारले, "छान आहे गं. हा कुणी केला?"

"मीच काढलं की, आजी."

"चित्र नव्हे गं. कीस. कीस कुणी केला?"

भाची हसली, आम्ही सगळेच हसलो. आई हसली नाही. ती उत्तराची वाट पाहत होती. तिच्या लेखी कुणीतरी केल्याशिवाय कीस असूच शकत नव्हता. कोवळी कणसे निवडायची, किसणीवर किसायची, तुपात परतायचा, दूध घालून आटू द्यायचा. एवढे सगळे झाल्यावर तो ताटलीत येतो. चित्रात तो आपोआप आला होता.

त्या रात्री मी कपाटातून 'निमतनामा' काढला. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आपण इंदूरकर पावसाळ्यात मांडवगडला जातो, जहाज महालाच्या गच्चीवर उभे राहून दोन्ही बाजूंचे तलाव पाहतो, आणि डबे उघडून पुरी-भाजी खातो. हा मांडवगड पुढे 1948 पर्यंत धारच्या पवारांच्या संस्थानात होता, त्यामुळे मराठी माणसाला तो आपलाच वाटतो. तो जहाज महाल ज्याच्या नावाशी जोडला जातो तो माळव्याचा सुलतान गियासशाह 1469 साली गादीवर आला आणि 1500 साली त्याच्या मुलाच्या, नासिरशाहच्या, हाती सत्ता गेली. या बापलेकांच्या काळात, साधारण 1495 ते 1505 च्या दरम्यान, मांडवगडावर एक पाकपुस्तक तयार झाले. तोच हा निमतनामा. त्यात पन्नास चित्रे आहेत. मूळ हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. रॉबर्ट स्केल्टन यांनी 1959 साली मुंबईच्या 'मार्ग' त्रैमासिकात त्यावर लेख लिहून माळव्याच्या चित्रकलेतले त्याचे स्थान दाखवून दिले, आणि नोरा टिटली यांनी केलेले इंग्रजी भाषांतर 2005 साली पुस्तकरूपाने निघाले. माझ्याकडे आहे ते हेच पुस्तक. म्हणजे आपल्या गावापासून शंभर किलोमीटरवर रंगवलेल्या स्वयंपाकघराची ओळख आपण लंडनमार्गे करून घेतो. असो.

ही चित्रेही पाण्यात कालवलेल्या रंगांचीच आहेत. फक्त तो रंग दाट, अपारदर्शक. कागद त्यातून दिसत नाही. कृती आहेत त्या समोशांच्या, खिरीच्या, खिचडीच्या, कढीच्या, वड्यांच्या, लाडवांच्या, सरबतांच्या, विड्यांच्या, शिवाय अत्तरांच्याही. पण चित्रे पाहू लागलो की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की त्यांत पदार्थ जवळजवळ दिसतच नाही. समोशांचे प्रसिद्ध चित्र घ्या. सुलतान बसला आहे, ओठांवर त्या टोकदार भरघोस मिशा. सेविका भरलेले पात्र पुढे करते आहे. खाली भांडे आचेवर आहे आणि त्यापाशी माणसे कामात गढली आहेत. समोसे म्हणजे नखाएवढे ठिपके. चव कळेल असे त्यांत काही नाही. पण कामाची लगबग कळते. भांडे, आच, ढवळणारा हात, आणणारा हात, घेणारा हात, असा चित्राचा डोळा फिरत राहतो. आईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इथे पाचशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलेले आहे.

दुसरी गोष्ट पाने उलटता उलटता दिसते. आरंभीची चित्रे इराणातल्या शिराझच्या वळणाची आहेत. जमिनीवर फुलझाडांचे गुच्छ, चेहरे तिकडचे. पुढे पुढे चेहरे, पेहराव आणि इमारती इथल्या होऊ लागतात. चित्रकार कुणी परदेशी शिकलेला असो की इथलाच, त्याच्या समोर रोज वावरणारी माणसे हळूहळू त्याच्या कुंचल्यात शिरली. भाषेचेही तेच. मजकूर फारसी, पण त्यात हिंदवी शब्द भरलेले. वड्याला फारसीत दुसरे नाव कुठून आणणार? स्वयंपाकघरात भाषेची शुद्धता टिकत नाही, हे आपल्यासारख्या दोन भाषांत नांदणाऱ्या घरांना कुणी शिकवायला नको. भुट्ट्याचा कीस हा इंदूरचा पदार्थ. सगळे शहर हिंदीत 'भुट्टे का कीस' म्हणते, आणि 'कीस' म्हटले की मराठी माणसाला किसणी आठवते. भुट्टा त्यांचा, किसणी आपली, दूध गवळ्याचे.

तिसरी गोष्ट या पुस्तकात जे नाही त्याची. मांडवगडच्या त्या स्वयंपाकघरात लाल मिरची नाही. बटाटा नाही, टोमॅटो नाही, मका नाही. वास्को द गामा 1498 साली कालिकतला उतरला. अमेरिकेतली ही पिके त्याच्यानंतर पोर्तुगीजांच्या मार्गाने हळूहळू आपल्याकडे आली. म्हणजे भाचीच्या दिनदर्शिकेतला 'अस्सल माळवी' कीस गियासशाहने कधी चाखलेला नाही, आणि पोह्यांवर भुरभुरलेल्या जिरावणाची लाली त्याने पाहिलेली नाही. मग प्रदेशाचा पदार्थ म्हणजे काय? जिन्नस बदलतात, नावे बदलतात. टिकते ते कणीक किती घट्ट, तूप किती, आच कधी कमी करायची हे ठरवणारे हाताचे ज्ञान. ते एका हातातून दुसऱ्या हातात जाते. म्हणून प्रदेश रंगवायचा असेल तर तो ताटापेक्षा हातात शोधावा, असे मला वाटते.

मात्र निमतनामाला सगळे गुण देऊन मोकळे होणेही बरोबर नाही. त्यात एक मोठी उणीव आहे. कृतींना नाव मिळते ते गियासशाहचे. खाणाऱ्याचे. ज्यांनी ढवळले, तळले, गाळले, त्यांतल्या कुणाचे नाव चित्राखाली नाही. चित्रकारांनाही नाव नाही. पन्नास चित्रांत एक चेहरा आपण लगेच ओळखू लागतो, तो सुलतानाचा. बाकीचे चेहरे दासी आणि आचारी एवढेच राहतात.

याच्या शेजारी मी आईची वही ठेवतो. काळ्या पुठ्ठ्याची, तेलाच्या डागांनी पारदर्शक झालेली. तिच्यात कृतींची नावे अशी आहेत: 'समोरच्या बेनचा छुंदा', 'मामीजींचे बाफले', 'उज्जैनच्या वन्संची साटोरी', 'वाड्यातल्या काकूंचे लिंबाचे गोड लोणचे'. खाणाऱ्यांची नावे कुठेच नाहीत. आमच्या वडिलांना काय आवडे ते वही सांगत नाही. करणारीचे नाव मात्र प्रत्येक पानावर आहे. बेन गुजराती, मामीजी माळवी, काकू रत्नागिरीकडच्या. कुणाचीच जात, भाषा, गाव वेगळे लिहिण्याची आईला गरज वाटली नाही. मजकूर मराठीत सुरू होतो आणि मधेच 'धीमी आंच पर' असा हिंदीत जातो, कारण मामीजींनी सांगितले ते तसेच उतरवून घेतले. मापे कमी, 'अंदाजाने' हा शब्द फार. सुलतानाच्या दरबाराला जे सुचले नाही ते पाचवी शिकलेल्या एका बाईने केले, असे मी म्हटले तर ते आईचे कौतुक म्हणून सोडून देऊ नका. अशा वह्या तुमच्याही घरी आहेत, उघडून पाहा.

दिनदर्शिकेतल्या कृती याच वहीतून घेतलेल्या आहेत. भाचीने त्या स्वच्छ केल्या. 'अंदाजाने'च्या जागी '1 वाटी', '2 चमचे' आले, ते ठीक. नव्या मुलींना माप लागते. 'धीमी आंच पर'चे 'मंद आचेवर' झाले, तेही एक वेळ चालेल. पण 'मामीजींचे बाफले' याचे नुसते 'बाफले' झाले, आणि तिथे माझ्या मते चित्राचे आणि मजकुराचे नुकसान एकच आहे. वरच्या चित्रातून हात गेला, खालच्या कृतीतून नाव गेले. उरला तो देखणा, बेवारस पदार्थ.

हे मी तिला सांगितले तेव्हा ती गप्प ऐकून घेणारी नव्हतीच. म्हणाली, "मामा, म्हणजे मी आजीचे सुरकुतलेले हात काढू? तसली चित्रं पुष्कळ झालीत. लोक बघतात, डोळ्यांत पाणी आणतात आणि पुढे जातात. त्यापेक्षा माझे पोहे बरे. निदान खावेसे तरी वाटतात."

तिचे म्हणणे खरे होते, आणि मला ते मान्य करावे लागले. सुरकुत्यांचे भांडवल करणारी चित्रेही छायाचित्रांचीच नक्कल असतात. तिच्या पोह्यांत जी रुची आहे ती निमतनाम्यात नाही, हेही खरे. दाट रंगाला पोह्याचा मऊपणा साधत नाही; तो पाण्यानेच साधतो. पण निमतनाम्यातली माणसे करुण नाहीत, हे मी तिला दाखवले. ती कामात आहेत. कुणी पाहणाऱ्याकडे बघून सुरकुत्या दाखवत नाही. चित्रकाराला त्यांची कीव आलेली नाही. भांड्याचा झारा कुठल्या बाजूने धरतात यात त्याला रस आहे. तेवढाच रस पुरे. किसणी परातीत कशी टेकवतात, कणीस उभे धरतात की आडवे, डावा हात काय करतो, हे नीट काढले की चित्र आपोआप कुणाचे तरी होते. ज्यांना स्वयंपाकघरात चित्र लावायचे आहे त्यांनाही हे चालेल. उलट ओट्यापाशी उभे राहणाऱ्याला त्याचा उपयोगच होईल.

तर माझे परीक्षण थोडक्यात असे. रंगलेपन उत्तम. पाण्यावर ताबा चांगला. दृष्टिकोन उसना. डोळा ताटाच्या वरून खाली आणून कढईच्या कडेशी टेकवावा, आणि कृतीखाली करणारीचे नाव परत लिहावे. गुण सांगण्याची शाळेतली सवय अजून गेलेली नाही, पण या वेळी आकडा देत नाही.

यंदा भाद्रपदात मक्याची कोवळी कणसे आली तेव्हा एका रविवारी ती वही आणि रंगपेटी घेऊन आली. आईला आम्ही खुर्चीवर बसवून समोर परात ठेवली. दोन वर्षांनी तिने किसणी हातात घेतली होती. हात कापत होता, म्हणून कणीस किसणीवरून न सरकवता ती कणीस धरून ठेवी आणि किसणीच पुढे-मागे करी. तिची ही रीत मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. पूर्वीपासून अशी की हात कापू लागल्यापासून, विचारले तर म्हणाली, "आता कसं आठवणार? हात करतो तसं." दीड कणीस झाले आणि ती थकली. बाकीची भाचीच्या आईने किसली.

भाचीचे चित्र पुरे झाले नाही. मनगटापर्यंत रंग आला आहे, किसणीची एकच कड आली आहे, आणि परातीच्या जागी पेन्सिलीची रेघ आहे. मधेच दुधाचा एक थेंब कागदावर उडाला, तिथे पिवळा रंग पसरून गेला. ती म्हणते, दुसरे काढीन. मी म्हटले, काढ. पण हेही ठेव. खाली तिने मात्र त्याच दिवशी लिहून टाकले: 'आजीचा कीस. मदत आईची.'